११४–११३, दोन्ही बाजूंनी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

स.न.वि.वि. मी खानापूर तालुक्यातील एका गावात मोटर रिवायंडिंगचे दुकान चालवतो आणि गावच्या यात्रेतील कुस्ती मैदानात नऊ वर्षे पंच म्हणून काम करतो. माझा आतेभाऊ सतरा वर्षे लष्करात होता, २०१८ मध्ये निवृत्त झाला. पलटणीकडून तो बॉक्सिंग खेळत असे. हेवीवेटची मोठी लढत असली की आम्ही सहा जण रविवारी पहाटे त्याच्या माडीवर जमायचो. १८ मे २०२४ च्या लढतीत युक्रेनच्या उसिकने ब्रिटनच्या फ्युरीला हरवले तेव्हा भाऊ म्हणाला, फ्युरी खाली पडलाच नव्हता, दोरांना टेकला होता, त्याच्यावर आकडे मोजले हीच चोरी. परतीच्या लढतीवर पैज लागली, की हरणाऱ्याने सगळ्यांना मटण-भाकरीचे जेवण द्यायचे. २१ डिसेंबरला उसिक पुन्हा जिंकला, पण 'हाही निकाल चोरीचा' म्हणून भावाने जेवण दिले नाही. तेव्हापासून दर रविवारी मी ग्रुपवर रिकाम्या ताटाचा फोटो टाकतो. पुढे वाद लढत ठरायला एवढा वेळ का लागला यावर गेला. तो म्हणतो उसिक घाबरत होता, मी म्हणतो फ्युरी पळत होता. शेवटी टपरीवर चारचौघांत तो म्हणाला, 'तुझ्यासारखंच पंच बसवलंत तिथं, म्हणून त्यो हरला.' गेल्या यात्रेत त्याच्या मुलाची कुस्ती मी बरोबरीत सोडवली होती, पण तो विषय वेगळा. चार महिने बोलणे बंद आहे आणि यात्रा जवळ आली आहे. खरे कोणाचे? पैज कोणी जिंकली? मी पंचाचे काम सोडावे का?

— एक शौकीन

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा रिकाम्या ताटापाशी हसू आले, आणि दुसऱ्यांदा 'तो विषय वेगळा' या तीन शब्दांपाशी थांबलो. त्या शब्दांकडे मी येणार आहे. मात्र तुम्ही आधी लढतीचे विचारले आहे, आणि लढतीचे उत्तर बऱ्याच अंशी आकड्यांत देता येण्यासारखे असल्यामुळे तिथूनच सुरुवात करतो. एक खुलासा आधीच करून ठेवतो. मराठीत निकाल देणारा तो पंच, आणि इंग्रजीतून उसना घेतलेला ठोसाही पंचच, त्यामुळे या खेळावर लिहिताना मोठी पंचाईत होते. या उत्तरात पंच म्हणजे गुण देणारा माणूस, आणि मारला जातो तो ठोसा. तुमच्या गावात अजून पंचाला मारण्यापर्यंत गोष्ट गेलेली नाही, हे त्यातल्या त्यात समाधान.

रियाधमधल्या पहिल्या लढतीत एका पंचाने उसिकला ११५–११२, दुसऱ्याने उसिकलाच ११४–११३ आणि तिसऱ्याने फ्युरीला ११४–११३ असे गुण दिले. हे आकडे तुम्ही दोघांनी एकमेकांना किती वेळा ऐकवले असतील याची कल्पना करता येते, पण ते कोणी उलगडून पाहिल्याचे तुमच्या पत्रावरून दिसत नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला नऊ गुण मिळतात, आणि फेरीत कोणी खाली गेला तर सर्वसाधारणपणे त्याचा आणखी एक गुण जाऊन ती फेरी १०–८ अशी लिहिली जाते. या लढतीत असे एकदाच घडले, ते नवव्या फेरीत. आता वजाबाकी करून पाहा. उसिकला ११४–११३ देणाऱ्या पंचाच्या कागदावर दोघांनी सहा-सहा फेऱ्या जिंकल्या होत्या आणि नवव्या फेरीतल्या त्या एका जादा गुणाने पारडे झुकले. फ्युरीला ११४–११३ देणाऱ्याच्या कागदावर फ्युरीच्या सात फेऱ्या आणि उसिकच्या पाच. म्हणजे एकमेकांविरुद्ध निकाल देणाऱ्या या दोन माणसांच्या हिशोबात अंतर होते फक्त एका फेरीचे. त्या दोघांना चहाच्या टपरीवर समोरासमोर बसवले असते तर भांडायला त्यांच्याजवळ तीन मिनिटांपुरताच ऐवज निघाला असता. तुम्ही त्यावर दीड वर्षाहून अधिक काळ काढलात.

आणि नववी फेरी साधी १०–९ अशी गेली असती तर? तर दुसऱ्या पंचाचा कागद ११४–११४ झाला असता, पहिल्याचा उसिकच्या बाजूने ११५–११३ राहिला असता, तिसऱ्याचा फ्युरीच्या बाजूने ११५–११३ झाला असता, आणि लढत बरोबरीत सुटली असती. तेव्हा तुमच्या भावाने बोट ठेवले ते नेमके दुखऱ्या जागेवर ठेवले आहे, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. सगळी लढत खरोखरच त्या मोजणीवर फिरली. पण मोजणी चुकीची होती, हे त्यांचे म्हणणे मात्र टिकत नाही. उसिकच्या डाव्या हाताच्या ठोशाने फ्युरीचे पाय सुटले, तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात भेलकांडत गेला, आणि त्याला उभे ठेवले ते दोरांनी. बॉक्सर केवळ दोरांच्या आधाराने उभा आहे, दोर नसते तर तो खाली गेला असता, असे रेफरीला दिसले तर तो खाली पडला असेच धरायचे, हा व्यावसायिक बॉक्सिंगचा जुना नियम आहे. त्या क्षणी उलट शंका घेता येते ती अशी, की रेफरीने मध्ये पडून आकडे मोजले नसते तर उसिकने घंटेपूर्वी लढत संपवलीच असती का. म्हणजे त्या मोजणीचा फायदा कोणाला झाला, यावरही शौकिनांत दोन तट पडू शकतात.

मग लष्करात वर्षानुवर्षे हातमोजे चढवलेल्या माणसाला हा नियम का पटू नये? माझा अंदाज असा आहे, आणि तो तुम्ही लक्षपूर्वक वाचावा अशी विनंती आहे. तुमच्या भावाच्या उमेदीची वर्षे ही हौशी बॉक्सिंगमधल्या बटणांची वर्षे होती. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये रॉय जोन्स याला अंतिम लढतीत ३–२ असे हरवण्यात आले, त्यावर जगभर ओरड झाली, आणि त्यानंतर हौशी बॉक्सिंगमध्ये संगणकावर गुण मोजण्याची पद्धत आली. पाच पंचांपुढे बटणे असत, ठोसा स्वच्छ लागला असे पुरेशा पंचांनी एकाच सुमारास बटण दाबून सांगितले तरच गुण धरला जाई, आणि शेवटी सगळ्या फेऱ्यांची एकत्र बेरीज होई. त्या पद्धतीत ठोशाने माणूस आडवा झाला काय किंवा नुसता लागून गेला काय, गुण एकच. रेफरी उभ्या माणसावर आठपर्यंत आकडे मोजी तेव्हाही ती बहुतांशी काळजीची बाब असे, हिशोबाची नव्हे. २०१३ पासून हौशी बॉक्सिंगनेही दहा गुणांची पद्धत घेतली, पण तोवर तुमच्या भावाच्या डोळ्याला वळण लागून गेलेले असणार. त्यांना लढत ही एक लांबलचक बेरीज दिसते, आणि त्या बेरजेत दोरांना टेकलेल्या माणसाचा एक अख्खा गुण कापणे त्यांना अन्यायाचे वाटते. व्यावसायिक पंचाला मात्र बारा वेगळ्या पुड्या बांधायच्या असतात. एका पुडीतला उरलेला माल दुसऱ्या पुडीत टाकता येत नाही.

तुमच्या डोळ्यालाही वळण आहे. तुम्ही निकाली कुस्तीच्या मातीत वाढला आहात, जिथे कब्जा कोणाचा, पुढे कोण सरकतो आहे आणि मागे कोण हटतो आहे, याकडे आधी नजर जाते. उसिक सतत पुढे येत राहणारा असल्यामुळे तो तुम्हाला भावला असावा. परंतु चौथ्या फेरीपासून सातव्यापर्यंत मागे सरकणारा फ्युरीच नेमके ठोसे मारत होता, आणि सहाव्या फेरीतल्या त्याच्या अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) उसिक हललेला सगळ्यांनी पाहिला. त्या फेऱ्या तुम्ही फ्युरीला दिल्या होत्या का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे आठवून पाहा.

आता 'चोरी' या शब्दाविषयी, कारण माझ्या मते तुमच्या भांडणातला सगळ्यात महाग पडलेला शब्द तोच आहे. हेवीवेटच्या इतिहासात हा शब्द जिथे शोभतो अशा लढती आहेत. १३ मार्च १९९९ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लेनॉक्स लुइस आणि इव्हँडर होलिफिल्ड यांची लढत झाली. ठोसे मोजणाऱ्यांच्या हिशोबात लुइसचे ३४८ ठोसे लागले आणि होलिफिल्डचे १३०. असे असताना एका पंचाने लुइसला ११६–११३, दुसऱ्याने दोघांना ११५–११५ आणि तिसऱ्याने चक्क होलिफिल्डला ११५–११३ दिले, आणि लढत बरोबरीत सुटली. यातही एक गंमत आहे: ११५–११५ देणारा पंच ब्रिटिश होता आणि लुइसही ब्रिटिशच. तेव्हा पंचाच्या गावावरून त्याचा कल ओळखण्याची आपली जी सवय आहे, ती तिथेही उपयोगी पडली नसती. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला लास व्हेगासमध्ये दोघे पुन्हा लढले आणि लुइस एकमताने जिंकला.

त्या शेजारी २०२४ चा मे महिना ठेवा. त्याच प्रकारच्या मोजणीत उसिकचे १७० ठोसे लागले आणि फ्युरीचे १५७. तेरा ठोशांचा फरक, बारा फेऱ्यांत. म्हणजे फेरीमागे जेमतेम एक. पंच कॅनडा, अमेरिका आणि स्पेनचे, ना ब्रिटिश ना युक्रेनी. अशा लढतीत फ्युरी जिंकला असे म्हणणारा माणूस आंधळा नसतो आणि उसिक जिंकला असे म्हणणारा विकला गेलेला नसतो. ठोसे नुसते मोजूनही निकाल लागत नाही हे खरेच आहे, कारण स्वच्छ आणि जोरकस ठोसा, परिणामकारक चढाई, रिंगवरचा ताबा आणि बचाव या सगळ्यांकडे पंचाने पाहायचे असते. पण ३४८ विरुद्ध १३० आणि १७० विरुद्ध १५७ या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला तर तो शब्द पुढे खरोखर चोरी होईल तेव्हा वापरायला शिल्लक राहत नाही.

डिसेंबरच्या लढतीबद्दल फार लिहीत नाही. तिन्ही पंचांनी ११६–११२ दिले, म्हणजे तिघांच्याही कागदावर उसिकच्या आठ आणि फ्युरीच्या चार फेऱ्या. प्रयोग म्हणून ठेवलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने तर उसिकला ११८–११२ दिले होते, अर्थात ते गुण अधिकृत नव्हते आणि यंत्राच्या डोळ्यावर विश्वास ठेवावा असे माझे म्हणणेही नाही. पैज तुम्ही जिंकलात. पैज जाहीर निकालावर लागते, निकाल पटण्यावर नाही, आणि जेवण तुमच्या भावाकडे येणे आहे. पण येणे असणे आणि ते दर रविवारी ग्रुपवर ताट वाजवून मागणे यांत फरक आहे. तुमच्या हिशोबाने डिसेंबर २०२४ पासून किती रविवार झाले ते मोजा. कर्जवसुलीला येणारा बँकेचा माणूससुद्धा मधे एखादा आठवडा सोडतो.

तुमच्या भावाचा एक मुद्दा तुम्ही पत्रात ओघाने लिहिला आहे, की 'मी रिंगमध्ये उतरलोय, तू नाही.' या मुद्द्याला मान द्यावा, पण तो निकालापुरता चालत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जुलै २०२१ मध्ये मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून ३–२ अशी हरली, तेव्हा आपण जिंकलो अशाच समजुतीत ती रिंगमधून बाहेर पडली होती. हरल्याचे तिला नंतर कळले. सहा वेळा जगज्जेती झालेल्या बाईला स्वतःच्या लढतीचा निकाल रिंगच्या आत उभे राहून कळला नाही. त्या लढतीत तर तीनपैकी दोन फेऱ्या बहुसंख्य पंचांनी मेरीला दिल्या होत्या, पण पहिली फेरी चार विरुद्ध एक अशी गेल्यामुळे पाच पंचांच्या वेगवेगळ्या बेरजांत तीन बेरजा विरुद्ध गेल्या. ठोसा खाणाऱ्याला ठोशाची किंमत कळते, हे खरे. व्यावसायिक लढतीत तीन बाजूंना बसलेल्या तीन माणसांपैकी कोणाला तो दिसला आणि कोणाच्या आड रेफरीची पाठ आली, हे त्याला कळत नाही. म्हणून तर पंच तीन बाजूंना बसवतात आणि प्रत्येक फेरीनंतर त्यांचे कागद गोळा करतात, की मागचे कोणी नंतर बदलू नये.

लढत ठरण्याच्या वाटाघाटींवरून तुम्ही जे भांडलात त्यात मात्र मी तुम्हा दोघांनाही चूक ठरवतो. यात कोणी पळाला असे मला दिसत नाही. मार्च २०२३ मध्ये फ्युरीच्या बाजूने लढतीच्या पैशांची ७०–३० अशी वाटणी मागितली गेली. उसिकने तीस टक्के जाहीरपणे मान्य केले आणि वर फ्युरीने युक्रेनच्या लोकांसाठी दहा लाख पौंड द्यावेत असे म्हटले. घाबरलेला माणूस तीस टक्क्यांना हो म्हणत नाही, तो टक्क्यांवरच अडून बसतो. त्यामुळे तुमच्या भावाचा मुद्दा तिथेच संपतो. २९ एप्रिलची वेम्बलीची ती लढत अखेर परतीच्या लढतीच्या अटींवरून फिसकटली. पण फ्युरी पळत होता या तुमच्या म्हणण्याचे काय? त्याने पुढे करार केला. १७ फेब्रुवारी २०२४ ही तारीख त्याला सरावात डोळ्यावर जखम झाल्यामुळे पुढे गेली. आणि मग सुमारे सात महिन्यांत तो उसिकसमोर दोन वेळा उभा राहिला. पळपुटा माणूस त्याच प्रतिस्पर्ध्यापुढे चोवीस फेऱ्या काढत नाही.

आपल्या मैदानाशी तुलना केली तर गाठ कुठे आहे हे लगेच दिसते. गावची कमिटी वर्गणी गोळा करते, इनाम जाहीर करते आणि जोड लावते. मल्लाला पटले तर तो लंगोट चढवतो, नाही तर पुढच्या गावच्या मैदानाला जातो. हेवीवेटमध्ये अशी एक कमिटी नाही. डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संस्थांचे विजेतेपदाचे चार पट्टे, प्रत्येकीचा आपापला ठरलेला आव्हानवीर, दोन बाजूंचे लढत भरवणारे दोन प्रमोटर, आणि त्यांच्यामागे टीव्हीवाले. यातल्या कोणाचे बिनसले की तारीख गेली. एखाद्या संस्थेच्या ठरलेल्या आव्हानवीराशी बोलणी फसली तर पर्ससाठी बोली लावतात, जास्त बोली लावणारा प्रमोटर लढत घेतो आणि पैसे ठरलेल्या टक्क्यांनी वाटले जातात. पण दोन वेगवेगळे विजेते एकमेकांशी लढणार असतील तर असा दंडुका कोणाच्याच हातात नसतो. एवढे करूनही चार पट्टे एकत्र आले की टिकत नाहीत: मे मध्ये सगळे पट्टे जिंकलेल्या उसिकला जून २०२४ मध्येच आयबीएफचा पट्टा सोडावा लागला, कारण करारात लिहिलेली परतीची लढत एकीकडे आणि त्या संस्थेचा आव्हानवीर दुसरीकडे.

त्याआधी २०२१ मध्ये फ्युरी आणि दुसरा ब्रिटिश हेवीवेट जोशुआ यांची लढत १४ ऑगस्टला सौदी अरेबियात होणार असे खुद्द फ्युरीने जाहीर केले, आणि लगोलग अमेरिकेतल्या लवादाने निर्णय दिला की आधी अमेरिकेच्या वाइल्डरला तिसरी लढत द्यावी लागेल. ती ऑक्टोबरमध्ये झाली. जोशुआची लढत हातची गेली. यात कोण कोणाला घाबरला? कोणीच नाही. एक जुना करार जिवंत होता, एवढेच. लवाद, करार, पुढची तारीख हे शब्द आपल्या सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगावे लागू नयेत. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून असलेल्या महाराष्ट्र–कर्नाटक सीमावादाच्या दाव्याच्या तारखा मोजत इथे एक पिढी कर्ती झाली. तारीख पुढे गेली म्हणजे कोणीतरी पळाले असे आपण आपल्या बाबतीत म्हणत नाही, मग फ्युरीच्या बाबतीत का म्हणतो? बाहेर येतात त्या बातम्या दोन्ही बाजूंच्या प्रमोटरांनी सोडलेल्या असतात, आणि त्या बोलण्यात स्वतःला हवा तो भाव मिळवण्यासाठी सोडलेल्या असतात. त्यांच्या जोरावर तुम्ही खानापुरात एकमेकांचे नाते पणाला लावता, आणि तिकडे दोघेही आपापला चेक घेऊन घरी गेलेले असतात.

आता यात्रेतली कुस्ती. तुम्ही ती एका ओळीत उरकली आणि वेगळी ठरवली, पण टपरीवर तुमचे भाऊ जे बोलले त्यात उसिक कुठेच नाही. त्यांना म्हणायचे होते की माझ्या पोराची कुस्ती तू बरोबरीत सोडवलीस. इतकी वर्षे ज्या माणसाबरोबर निकालांवर भांडलो, त्यानेच आपल्या मुलाचा निकाल दिला, ही जागा कोणालाही अवघड आहे. तुमचा निर्णय बरोबर होता की चूक, हे मला ठाऊक नाही आणि मी ते ठरवणार नाही. पण त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य असू शकते, ही शक्यता तुम्ही पत्रात एकदाही उच्चारलेली नाही, आणि फ्युरीच्या फेऱ्या न मोजणाऱ्या तुमच्यासारख्या शौकिनाला मी हे विचारलेच पाहिजे: त्या वेळी तुम्ही मल्लांच्या कोणत्या बाजूला उभे होता? पाठ टेकली की नाही हे तिथून दिसत होते का? वेळ संपत आली म्हणून सोडवली, की दोघे थकून नुसते डोक्याला डोके लावून उभे राहिले म्हणून? याचे उत्तर तुम्ही भावाला दिले आहे का? मला वाटते दिलेले नाही, कारण पंचाने निकालाचा खुलासा करू नये अशी आपल्याकडे समजूत आहे. मैदानात ती योग्य आहे. घरात ती योग्य नाही.

तेव्हा पंचाचे काम सोडू नका. टपरीवरच्या एका वाक्यासाठी नऊ वर्षांचे काम सोडलेत तर गावात त्याचा अर्थ एकच निघेल, आणि तो तुमच्या भावालाही आवडणार नाही. पण कमिटीला आधीच सांगून ठेवा की पुतण्याची कुस्ती लागेल तेव्हा तुम्ही बाहेर बसाल आणि दुसरा पंच उतरेल. हे खरे तर गेल्या वर्षीच करायला हवे होते. तुम्ही बरोबरी दिलीत म्हणून एवढ्यावर भागले, पुतण्याला विजयी ठरवले असते तर समोरच्या मल्लाच्या गावाने काय म्हटले असते याचा विचार करा.

भावाकडे जाताना मध्यस्थ नेऊ नका आणि फोनही करू नका. रविवारी सकाळी त्यांच्या माडीवर जा, वहिनींनी चहा दिला तर घ्या, आणि आधी त्या कुस्तीचे बोला: तुम्हाला काय दिसले, काय दिसले नाही, आणि सोडवताना मनात काय होते. त्यांनी काही सुनावले तर ऐकून घ्या. ते उत्तर मागत नसतील, एकदा बोलून टाकायचे असेल. उसिकचा विषय त्यांनी काढला तरच काढा. काढला तर मे महिन्याची ती लढत पुन्हा लावा, पण आवाज बंद करून, कारण समालोचक कोणाच्या बाजूने बोलतो आहे ते कानात शिरले की डोळेही तिकडेच वळतात, आणि रिंगजवळच्या पंचाला समालोचन ऐकू येत नसते. दोघांनी दोन कागदांवर बारा रेघा मारा. फेरी संपली की लगेच आकडा लिहायचा, एकमेकांचा कागद बघायचा नाही, आणि मागे जाऊन खाडाखोड करायची नाही. ज्या फेरीत मनाचा निश्चय झाला नाही तिच्यापुढे एक टिंब द्या. माझी पैज, आणि ही मात्र मी तुमच्यासारखी वसूल करणार नाही, की दोघांच्याही कागदावर तीन-चार टिंबे निघतील आणि ती बहुधा त्याच फेऱ्यांवर असतील. नववी फेरी मात्र दोघांनी मिळून दोनदा पाहा, आणि दोरांचा नियम त्यांना तुम्ही सांगू नका. बटणांच्या काळातला त्यांचा नियम काय होता, हे त्यांना विचारा. ते सांगतील, आणि मला वाटते बराच वेळ सांगतील.

जेवणाचे त्यांच्यावर सोडा. दिले तर जेवा, नाही दिले तर यात्रेच्या दिवशी तुमच्याच घरी पाहुण्यांची पंगत असेल, तिथे त्यांना पहिल्या पंक्तीत बसवा. आणि ताटाचा तो फोटो या रविवारपासून बंद.